तालुक्याचा इतिहास लिहिलाय, इतिहास मंडळ छापून देईल का?

प्रश्न थोडक्यात असा की एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या तालुक्याचा इतिहास लिहिलाय, टाईप करून चारशे पानं झालीत, दोन प्रकाशकांनी "खर्च तुम्ही करा, आम्ही छापतो" असं सांगितलं, म्हणून आता त्यांना जिल्ह्यातल्या इतिहास मंडळाकडे जायचंय. मंडळ छापून देईल का, पैसे किती मिळतील आणि हक्क कुणाकडे राहतील, असं विचारलंय. मी बरीच वर्षं अशाच एका मंडळाच्या प्रकाशन समितीवर बसतोय, तेव्हा टेबलाच्या पलीकडून हे सगळं कसं दिसतं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी पैशाचं बोलून टाकू कारण तेच सगळ्यांना हवं असतं. फारसे मिळणार नाहीत. बहुतेक इतिहास मंडळं ही नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असतात, उत्पन्न म्हणजे सभासदांची वर्गणी, असलं तर हॉलचं भाडं, कधीमधी सरकारी अनुदान आणि जुन्या ठेवींचं व्याज. पुस्तकं मुख्यतः या ठेवींवर निघायची. कुणी वडिलांच्या नावानं स्मृतिनिधी ठेवायचा, त्याच्या व्याजातून दोनतीन वर्षांनी एक पुस्तक. आता समजा लाखाची ठेव आहे, पूर्वी बँका बारा टक्के द्यायच्या तेव्हा वर्षाला बारा हजार यायचे आणि त्या काळी त्यात छोटी पुस्तिका निघत होती, आज त्याच लाखाचे सहा-सात हजार येतात आणि त्यात डीटीपीसुद्धा पुरं होत नाही. निधीच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं की मुद्दल मोडायचं नाही. त्यामुळे मंडळाकडे पाचपंचवीस निधींची नावं असलेली संगमरवरी पाटी असते आणि छापखान्याचं बिल भरायला चिटणीस फोनवर फोन करत असतात. यात कुणाची लबाडी नाहीये, गणितच तसं झालंय.

मग मंडळाकडे जायचंच कशाला? जायचं, पण दुसऱ्या गोष्टींसाठी. मंडळ देतं ती तपासणारी नजर, जुने कागद आणि नाव. आणि या तिन्हीचा खरा उपयोग हस्तलिखित पूर्ण व्हायच्या आधी असतो. चारशे पानं बांधून आणलेल्या माणसाला आम्ही जेवढी मदत करू शकतो त्याच्या दसपट मदत चाळीस पानं घेऊन आलेल्याला करू शकतो, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी लोक चारशेच आणतात.

थोडं मागे जाऊ, म्हणजे मंडळं अशी का वागतात ते कळेल. आपल्याकडे जुने ऐतिहासिक कागद छापायचं काम मंडळांच्या आधीच सुरू झालं होतं, १८७८ मध्ये काव्येतिहाससंग्रह हे मासिक निघालं, मिरजेत इतिहासलेखक खरेशास्त्री शाळेतली नोकरी सांभाळून पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातले कागद ऐतिहासिक लेखसंग्रहात छापत होते, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. ही सगळी एकेकट्या माणसांची धडपड. राजवाड्यांचे बावीस खंड निघाले पण ते काही एका प्रकाशकानं, एका ठिकाणाहून, एका बैठकीत काढलेले नाहीत, जिथं आसरा मिळाला तिथं निघाले. यातूनच ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी काढलेलं. पुढे राजवाडे तिथून दुरावले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले आणि त्यांचा संग्रह सांभाळायला धुळ्यात त्यांच्या नावाचं मंडळ झालं, ते 'संशोधक' नावाचं त्रैमासिक काढतं. विदर्भात नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ आहे. असो, नावं पुष्कळ सांगता येतील.

मुद्दा असा की पुण्याच्या मंडळानं सुरुवातीपासून एक शिडी घालून दिली. पाक्षिक सभेत टिपण वाचायचं, चार जाणत्यांनी त्यावर बोलायचं, मग ते इतिवृत्तात नाहीतर त्रैमासिकात यायचं, आणि अशी बरीच टिपणं जमली, टिकली, की पुस्तक. मंडळानं काढलेले शिवचरित्रसाहित्याचे खंड चाळून बघा, कुठल्या देशपांड्याच्या घरातलं वतनपत्र, कुठल्या देवस्थानाची सनद, कुठल्या कुलकर्ण्याकडचा महजर (गावच्या सभेचा लेखी निवाडा) असा ऐवज आहे, आणि तो अनेक जणांनी गावोगावहून गोळा करून दिलेला आहे. प्रादेशिक इतिहास म्हणतात तो आपल्याकडे असाच छापला गेला, फुटकळ कागदांतून. बाकीची मंडळंही कमीजास्त त्याच वळणावर चालतात. म्हणून तुम्ही एकदम पुस्तक घेऊन गेलात तर समितीतले म्हातारे विचारतात की "यातलं सभेत काय वाचलंय?" आणि लेखकाला वाटतं आपला अपमान केला. अपमान नसतो हो. सभेत वाचलेल्या टिपणातल्या चुका तिथल्या तिथे फुकटात निघतात, पुस्तकातल्या निघत नाहीत, त्या पुढच्या पन्नास पुस्तकांत जातात.

दुसरं म्हणजे स्वीय आणि पुरस्कृत हा फरक समजून घ्या. स्वीय ग्रंथमाला म्हणजे मंडळाचं स्वतःचं प्रकाशन, खर्च मंडळाचा, संपादन मंडळाचं, साठा मंडळाच्या माळ्यावर. पुरस्कृत म्हणजे खर्च दुसऱ्या कुणाचा, पण मंडळानं हस्तलिखित तपासून आपलं नाव आणि माला क्रमांक लावायला दिलेला. तपशील प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात पण ढोबळमानानं हेच. तुमच्यासारख्यांनी पुरस्कृतच मागावं असं माझं स्पष्ट मत आहे. स्वीयसाठी रांग लांब असते आणि तिथं साधनग्रंथांना, म्हणजे मूळ कागद छापणाऱ्या पुस्तकांना, आधी जागा मिळते, आणि ते बरोबरच आहे. पुरस्कृतमध्ये पैसे तुम्ही उभे करता पण तपासणी मंडळ करतं, आणि ती तपासणीच तुम्हाला बाजारात पैसे टाकून मिळणार नाही.

आता तपासणीत काय बघतात. मी बघतो ते सांगतो, इतरांचं मला माहीत नाही.

पहिली शंभर पानं मी उलटून टाकतो. गंमत नाही, तालुक्याच्या इतिहासाची पहिली शंभर-सव्वाशे पानं जवळजवळ नेहमी सातवाहन, राष्ट्रकूट, यादव, बहामनी, शिवाजी महाराज, पेशवाई अशी सगळ्या महाराष्ट्राची असतात, त्यात तालुका कुठंच नसतो. ते सगळं चांगल्या पुस्तकांत आहे, तुम्ही परत लिहून कागद वाया घालवू नका. तुमच्या चारशेतली अशी पानं काढून टाका, खर्च तिथंच चौथ्या हिश्श्यानं कमी होईल. त्यानंतर गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. इंग्रजी अमदानीत कॅम्पबेलच्या वेळी निघालेली जुनी गॅझेटियरं, साताऱ्याचं १८८५ चं, अहमदनगरचं १८८४ चं, खानदेशाचं १८८०, यांतले परिच्छेदच्या परिच्छेद मराठी करून घातलेले असतात आणि खाली "जाणकारांच्या मते". गॅझेटियर वापरा, जरूर वापरा, पण नाव आणि पान द्या, आणि हेही लक्षात घ्या की तिथं लिहिलेली दंतकथा मामलेदार कचेरीतल्या कुणीतरी सांगितलेली असू शकते, इंग्रजीत छापली म्हणून ती पुरावा होत नाही.

तारखा हे सगळ्यात मोठं दुखणं. मोडी कागदात सुहूर सन ही जुन्या दफ्तरांतली कालगणना असते, अरबी शब्दांत अक्षरी लिहिलेली, "तिसा खमसैन मया व अलफ" असा. तिसा नऊ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११५९. आता हौशी लेखक हा आकडा इसवी सन समजून टाकतो आणि पेशवाईतला पाटील सरळ यादवांच्या आधीच्या काळात जाऊन बसतो! हे मी एकदा नाही, वारंवार बघितलंय. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृगात सुरू होतं, जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००, म्हणजे आपला कागद १७५८-५९ चा. आपल्याकडच्या फसली सनात, म्हणजे महसुली वर्षात, ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९. राज्याभिषेक शक वेगळा, तो १६७४ पासून. आणि एवढ्यावर भागवू नका, कागदात तिथी किंवा मुसलमानी चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख, दिलेली असेल तर जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकात, बघून पूर्ण तारीख काढा, वार जुळतो का बघा. वार जुळला नाही तर कागद नक्कल असू शकतो, किंवा तुमचं वाचन चुकलंय, किंवा खरंच काहीतरी गडबड आहे आणि मग तेच तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण होऊ शकतं.

कागदांचं परिशिष्ट आहे का, हा माझा पुढचा प्रश्न असतो. सांगायला वाईट वाटतं पण तालुक्याच्या इतिहासातलं लेखकाचं निवेदन वीस वर्षांत शिळं होतं, परिशिष्टातले कागद होत नाहीत. गावातल्या घरात मिळालेले तीसचाळीस कागद नीट छापले तर मंडळ तुमचं पुस्तक उभ्या उभ्या पास करेल. नीट म्हणजे काय, तर कागदाला क्रमांक, तारीख, कुठं मिळाला, अस्सल की नक्कल, शिक्के कुठले, फाटलंय तिथं फाटलंय असं चौकटी कंसात, आणि मूळचं लेखन बदलायचं नाही. "मोर्तब सूद" किंवा "लेखनसीमा" अशी कागद संपल्याची खूण आहे तिथं ती तशीच ठेवायची, आजच्या शुद्धलेखनात आणायची नाही. एक तरी कागदाचा स्वच्छ फोटो हवाच, म्हणजे वाचन पडताळता येतं. पुणे पुरालेखागारात किंवा कोल्हापूरला जाऊन काढलेले उतारे असतील तर रुमाल नंबर, म्हणजे कागद ज्या गाठोड्यात आहे त्याचा नंबर, लिहा, नुसतं "पेशवे दफ्तर" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं, तिथं हजारो रुमाल आहेत, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ भाग छापले तरी समुद्रातून तांब्याभर काढल्यासारखं झालं.

आणि मोडी तुम्ही स्वतः वाचलंय की दुसऱ्याकडून वाचून घेतलंय? दुसऱ्याकडून असेल तर त्याचं नाव आतल्या पानावर घाला, ऋणनिर्देशातल्या पस्तीस नावांत ढकलू नका. मोडी वाचणाऱ्यांना पानामागे काहीतरी किरकोळ रक्कम देऊन विसरून जायची वाईट सवय आपल्याकडे आहे, पुस्तकातली निम्मी मेहनत त्या माणसाची असते.

दंतकथा काढून टाका असं मी म्हणणार नाही. वेगळं प्रकरण करा, कुणी सांगितली, साधारण वय किती, कुठल्या गावात, कधी ऐकली ते लिहा. ओव्या, जत्रेची गाणी, वेशीवरच्या वीरगळांच्या गोष्टी, हे सगळं हवंच आहे. फक्त कागद आणि कथा एका वाक्यात कालवू नका.

आता जरा अवघड विषय. पैसे मंडळ देत नाही म्हटल्यावर देणगीदार येतो, आणि तालुक्याच्या इतिहासाचा देणगीदार बहुतेक वेळा त्याच तालुक्यातल्या जुन्या घराण्यातला असतो. त्याचं म्हणणं साधं असतं, आमच्या मूळ पुरुषाला सरदार म्हणा. कागदात तो मोकदम, म्हणजे गावचा पाटील, असतो. किंवा भाऊबंदकीचा निवाडा असतो आणि त्यात देणगीदाराची शाखा हरलेली असते, तेव्हा "तो कागद घेऊ नका, आपल्या पुस्तकाशी त्याचा काय संबंध" असं चहा पिता पिता सांगितलं जातं. कुणी म्हणतं अमुक जातीच्या वतनाचा उल्लेख नको, कुणी म्हणतं तो हवाच. मंडळाच्या नावाचा खरा उपयोग मला इथं दिसतो. लेखक एकटा असला की तो नाही म्हणू शकत नाही, त्याला त्याच गावात राहायचं असतं. मंडळाची समिती मधे असली की त्याला सांगता येतं, "माझं काही नाही हो, समितीनं ठेवायला सांगितलंय." आम्ही असं कित्येकदा आमच्या अंगावर घेतलंय आणि घ्यायलाच पाहिजे, नाहीतर समिती कशाला बसवली. म्हणून देणगी थेट लेखकानं घेऊ नये, मंडळाच्या खात्यात यावी, पावती मंडळाची, आणि देणगीपत्रात एक ओळ असावी की मजकुरावर देणगीदाराचा अधिकार नाही. ही एक ओळ लिहायला लोक लाजतात. लाजू नका. देणगीदाराला अर्पणपत्रिका द्या, सुरुवातीला फोटो द्या, प्रकाशन समारंभात पहिला हार द्या, मजकूर देऊ नका. मंडळाकडे आयकराची ८०जी ही नोंदणी असेल तर त्याला करात सवलतही मिळू शकते, हे सांगितलं की अर्धी कुरकुर थांबते.

पुढाऱ्यांच्या शुभसंदेशांबद्दल माझं मत विचारू नका. आठ पानं जातात, म्हणजे अर्धा फर्मा (छापखान्यात एका वेळी छापायचा सोळा पानांचा गठ्ठा).

सरकारी मदतीचं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आहे, पण त्याचं नवलेखक अनुदान मुख्यतः साहित्यप्रकारांकडे बघणारं आहे, तालुक्याचा इतिहास त्यात बसवताना ओढाताण होते, तरी त्या वर्षीची जाहिरात वाचून ठरवा. दिल्लीच्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची प्रकाशन अनुदानाची योजना आहे, तिथं संशोधनाची शिस्त, टिपा, संदर्भ हे सगळं चोख लागतं. दोन्हीकडे वेळ जातो. वय झालेले लेखक या वाटेनं जाऊन पुस्तक न बघताच गेल्याची उदाहरणं आमच्या जिल्ह्यात आहेत, म्हणून मी म्हणतो अर्ज करा पण त्याची वाट बघत बसू नका.

हक्कांचं. नुसतं "हक्क मंडळाकडे" असं तोंडी ठरवू नका, लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. लेखकाचा हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षं चालतो, म्हणजे तुमच्या नातवंडांनाही सही करावी लागणार आहे, तेव्हा आत्ताच स्वच्छ लिहून ठेवलेलं बरं. माझा सल्ला, हक्क तुमच्याकडे ठेवा, मंडळाला पहिल्या आवृत्तीची परवानगी द्या आणि अमुक वर्षांनी पीडीएफ सगळ्यांना फुकट खुली करायची परवानगी आत्ताच देऊन टाका. प्रादेशिक इतिहासाची दुसरी आवृत्ती क्वचित निघते, पहिली संपली की पुस्तक अदृश्य होतं, झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरतात. पीडीएफ असली तर निदान अमेरिकेत बसलेल्या तुमच्या गावच्या पोराला ती सापडते, आणि तोच मग आजीच्या ट्रंकेतल्या कागदाचा फोटो पाठवतो, असं घडतं. कागद ज्यांच्या घरातले आहेत त्यांची लेखी संमतीही घ्या, कागद अडीचशे वर्षांचा असला तरी, कारण पुढे भांडण कायद्याचं नसतं, भावकीचं असतं.

छपाईवर फार लिहीत नाही. पाचशे प्रती काढू नका, तीनशे पुष्कळ झाल्या, नाहीतर सरळ मागणीप्रमाणे छपाई करा, डेमी आकार, सोळा पानांचा फर्मा धरून पानं बसवा. प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करून शंभर नावं आधी घ्या, तेवढ्यानं कागदाचे पैसे निघतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे प्रकाशक म्हणून नोंदणी करून, कुणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, मुंबईचं त्यात आहे, लोक टाळतात पण पाठवा, तुमच्या माळ्याला वाळवी लागली तरी तिथं एक प्रत राहते. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केला असेल तर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा चुथडा होतो आणि तो नेमका नावांत होतो, तेव्हा रूपांतरानंतर पूर्ण प्रूफ पुन्हा वाचा, कागदांचं परिशिष्ट दोघांनी मिळून, एकानं मोठ्यानं वाचून.

आणि सूची. व्यक्तींची आणि गावांची सूची नसलेला तालुक्याचा इतिहास मी पास करत नाही, समितीतले बाकीचे करतात, त्यावरून आमची भांडणं होतात. वाचणारा आपलं आडनाव आणि आपलं गाव शोधत येतो, त्याला चारशे पानं चाळायला लावायची म्हणजे छळ आहे.

तर आत्ता काय करायचं. हस्तलिखित घेऊन जाऊ नका. दोन पानी पत्र लिहा, त्यात तुमच्या पुस्तकात आधी कुठंच न छापलेलं काय आहे तेवढंच लिहा, स्वतःची पदकं नकोत. सोबत प्रकरणांची यादी, वापरलेल्या साधनांची यादी, एखाद्या गावावरची सगळ्यात चांगली तीस पानं आणि तीन कागद फोटोसकट. पत्रात विचारा की सभेत टिपण वाचायला तारीख मिळेल का. चिटणीस लोकांना सभेला वक्ता मिळत नसतो, या एका वाक्यानं तुमचं पत्र ढिगाऱ्यातून वर येतं, शपथेवर सांगतो. टिपण वाचताना अर्धा तासच घ्या, नंतरची चर्चा कुणाला तरी लिहून घ्यायला सांगा. मग तपासणीला द्या आणि सहा महिने धीर धरा, तपासणारे सगळे फुकट काम करणारे आहेत, त्यातल्या निम्म्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. म्हणून अक्षर चौदा पॉइंटचं ठेवा आणि पानांना नंबर घाला.